दहा लाखांत एक: न्यू जर्सीतल्या दूषित जागा आणि कॅन्सरच्या जोखमीचा कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यू जर्सीत घर घेताना होम इन्स्पेक्टर जुन्या तेलाच्या टाकीचा विषय काढतो, कुणाला डीईपीचं (राज्याच्या पर्यावरण खात्याचं) पत्र येतं, कुणाच्या मुलाच्या पाळणाघराशेजारी बंद कारखाना निघतो. मग मराठी मंडळींचे मेसेज सुरू होतात. मी याच राज्यात दूषित जागांच्या तपासणीचं काम करते. सारखे येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. घराच्या व्यवहारात वकील हवाच.

१. "दहा लाखांत एक" म्हणजे नेमकं काय? दहा लाखांतल्या एकाला कॅन्सर होणारच, असं का?

नाही. अमेरिकेत शंभरातल्या साधारण चाळीस जणांना आयुष्यात कधी ना कधी कॅन्सरचं निदान होतं. म्हणजे दहा लाख माणसं घेतली तर सुमारे चार लाख. त्याची कारणं अनेक असतात: वय, तंबाखू, आनुवंशिकता, खाणंपिणं, हवा. दूषित जागांचा कायदा या चार लाखांबद्दल बोलत नाही. तो एवढंच विचारतो की, हे दहा लाख लोक वर्षानुवर्षं या मातीवर राहिले, तर या एका रसायनामुळे त्यांत आणखी किती जणांची भर पडेल? उत्तर एकाच्या वर जाता कामा नये.

हा आकडा मुद्दाम वरच्या बाजूने काढलेला असतो. शंका असेल तिथे जोखीम जास्तच धरायची, अशी पद्धत आहे. त्यामुळे खरी जोखीम त्याहून कमी असण्याची शक्यता जास्त.

२. हा आकडा नेमका कोणत्या कायद्यात आहे?

न्यू जर्सीत तो थेट विधिमंडळाने केलेल्या कायद्यात आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १९९३ साली 'इंडस्ट्रियल साइट रिकव्हरी अ‍ॅक्ट' आला. त्यात मातीच्या सफाईचे निकष ठरवताना डीईपीने काय धरायचं ते लिहून दिलं: कॅन्सर करणाऱ्या रसायनांसाठी दहा लाखांत एक इतकीच जादा जोखीम, आणि इतर आजार करणाऱ्या रसायनांसाठी 'हॅझर्ड इंडेक्स' (शरीरात जाणारा डोस भागिले सुरक्षित मानलेला डोस) एकच्या आत.

त्याआधीही राज्य मागे नव्हतं. सांडलेल्या घातक पदार्थांबद्दलचा 'स्पिल अ‍ॅक्ट' १९७६चा, म्हणजे केंद्राच्या सुपरफंड कायद्याच्या (देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या सफाईचा कायदा) चार वर्षं आधीचा. कारखाना विकताना किंवा बंद करताना जागा साफ करायला लावणारा कायदा १९८३चा. १९९८च्या ब्राउनफील्ड कायद्याने जुन्या औद्योगिक जागा पुन्हा वापरात आणण्याची घडी बसवली. प्रत्येक रसायनाचा मातीतला आकडा मात्र कायद्यात नसतो. तो डीईपीच्या नियमांत असतो. असे नियम २००८ मध्ये लागू झाले आणि २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलले.

३. दहा लाखच का? एक लाख किंवा एक कोटी का नाही?

विज्ञानाने हा आकडा शोधून काढलेला नाही. तो माणसांनी ठरवलेला आहे. १९५८ साली अमेरिकेत अन्नातल्या रंग-रसायनांबद्दल 'डिलेनी कलम' आलं. कॅन्सर करणारं काहीही अन्नात घालायचं नाही, असा त्याचा रोख होता. पण जनावरांना दिलेल्या औषधाचा अंश मांसात 'शून्य' आहे हे सिद्ध कसं करणार? प्रयोगशाळेची यंत्रं सुधारतील तसा अंश सापडतच राहणार. १९६१ मध्ये मँटेल आणि ब्रायन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी सुचवलं की दहा कोटींत एक इतकी जोखीम 'जवळजवळ सुरक्षित' धरावी. अन्न आणि औषध प्रशासनाने १९७३ मध्ये तोच आकडा प्रस्तावित केला आणि १९७७ मध्ये अंतिम नियम करताना दहा लाखांत एकवर आलं. तिथून तो पाण्यात, हवेत आणि शेवटी मातीत उतरला.

म्हणून या आकड्याच्या एका बाजूला सुरक्षित आणि दुसऱ्या बाजूला धोका असं मानू नका. किती जोखीम समाजाने कुणावर लादायची, याचं हे राजकीय उत्तर आहे. त्याच कारणाने ते लोकप्रतिनिधींनी, उघड सभागृहात द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

४. केंद्राची ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) तर "दहा हजारांत एक" चालतं म्हणते. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. सुपरफंडच्या १९९०च्या केंद्रीय नियमांत एक पट्टा दिलेला आहे: दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक. सुरुवात दहा लाखांत एकपासून करायची, आणि जागेची परिस्थिती, खर्च, तांत्रिक अडचणी पाहून पट्ट्यात कुठे थांबायचं ते ठरवायचं. ओहायोसह काही राज्यांनी याला कोर्टात आव्हान दिलं होतं. वॉशिंग्टन डी.सी.च्या केंद्रीय अपील कोर्टाने १९९३ मध्ये तो पट्टा कायम ठेवला. पट्ट्याची दोन टोकं एकमेकांपासून शंभर पट लांब आहेत, हे विसरू नका.

राज्याचा निकष जास्त कडक असेल तर १९८६ पासून सुपरफंड कायद्याच्या १२१व्या कलमाप्रमाणे सुपरफंडच्या सफाईलाही तो लागू होऊ शकतो. अट अशी की, तो राज्याने रीतसर कायद्याने किंवा नियमाने केलेला असावा आणि वेळेवर पुढे ठेवलेला असावा. नुसत्या मार्गदर्शक पत्रकाला ही ताकद नाही. शंभराहून जास्त सुपरफंड जागा असलेल्या न्यू जर्सीला, म्हणजे देशात सर्वांत जास्त जागा असलेल्या राज्याला, या कलमाचं मोल मोठं आहे.

५. मातीत अमुक मिलिग्रॅम चालेल, हे आकडे काढतात कसे?

एक काल्पनिक रसायन घेऊ. त्याची कॅन्सर करण्याची ताकद, म्हणजे स्लोप फॅक्टर, १ धरू आणि किलोभर मातीत ते १ मिलिग्रॅम आहे असं समजू.

ईपीएच्या गृहीतकांप्रमाणे पंधरा किलो वजनाचं मूल खेळताना, हात तोंडात घालताना रोज २०० मिलिग्रॅम माती पोटात घेतं. चिमटीत मावेल इतकी. असं वर्षाचे ३५० दिवस, सहा वर्षं. मग तेच मूल मोठं झालं, वजन ८० किलो, रोज १०० मिलिग्रॅम माती, आणखी वीस वर्षं. हा सगळा डोस सत्तर वर्षांच्या आयुष्यावर पसरायचा. गणित मांडलं की लहानपणच्या सहा वर्षांची जोखीम दहा लाखांत १.१ येते आणि मोठेपणच्या वीस वर्षांची ०.३४. बेरीज १.४४. ती एकवर आणायची तर मातीतलं प्रमाण साधारण ०.७ मिलिग्रॅमवर आणावं लागतं. प्रत्यक्षात त्वचेतून आणि श्वासातून जाणारा वाटाही मोजतात.

एकूण जोखमीतला तीन चतुर्थांश वाटा पहिल्या सहा वर्षांत येतो, इकडे लक्ष द्या. "आम्ही कुठे माती खातो?" असं मला नेहमी विचारतात. तुम्ही खात नाही, पण अंगणात रांगणारं बाळ खातं, आणि निकष त्याच्यासाठी लिहिलेला आहे.

ऑफिस किंवा गोदामाच्या जागेचे आकडे यामुळेच सैल असतात. तिथे मूल नाही आणि माणूस फक्त कामाचे दिवस असतो. न्यू जर्सीत जोखमीची पातळी दोन्हीकडे दहा लाखांत एकच राहते, बदलतो तो संपर्क.

६. बाकीच्या राज्यांत काय आहे? आम्ही न्यू जर्सी सोडून मिशिगनला चाललो आहोत.

मिशिगनच्या कायद्याच्या 'भाग २०१' मध्ये एक लाखात एक आहे, म्हणजे इथल्याहून दहा पट सैल (हे कसं झालं ते प्रश्न १६ मध्ये). फ्लोरिडाच्या कायद्यात दहा लाखांत एक. टेक्सासच्या नियमांत प्रत्येक रसायनासाठी एक लाखात एक आणि सगळी मिळून दहा हजारांत एक. पेनसिल्व्हेनियाच्या १९९५च्या 'अ‍ॅक्ट २'मध्ये राज्यभरचे निकष एक लाखात एकवर बेतलेले आहेत, आणि एखाद्या जागेपुरता वेगळा हिशोब मांडला तर केंद्रासारखाच पट्टा मिळतो.

वॉशिंग्टन राज्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९८८ साली लोकांनी थेट मतदानाने सफाईचा कायदा आणला. त्याखालच्या नियमांत राहत्या जागेसाठी प्रत्येक रसायनाला दहा लाखांत एक, सगळ्यांची बेरीज एक लाखात एकच्या आत, आणि औद्योगिक जागेसाठी एक लाखात एक. विधिमंडळ टाळाटाळ करतं तेव्हा मतदार काय करू शकतात, याचं मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच.

७. एकाच जागी दहा-बारा रसायनं असली तर? प्रत्येकाला दहा लाखांत एक म्हणजे एकूण दहा-बारा झाले की!

बरोबर पकडलंत. न्यू जर्सीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की जोखमीची मर्यादा प्रत्येक रसायनासाठी स्वतंत्र आहे, एकत्रित परिणामासाठी नाही. दहा रसायनं आपापल्या मर्यादेला टेकली तर एकूण जोखीम एक लाखात एक होईल आणि तरी जागा कायद्याने साफ ठरेल. मॅसॅच्युसेट्समध्ये उलटं आहे. तिथे सगळ्यांची बेरीज एक लाखात एकच्या आत हवी. म्हणजे एकच रसायन असेल तर न्यू जर्सी कडक, वीस असतील तर मॅसॅच्युसेट्स.

ओरेगॉनने दोन्ही धरलं: एकेका रसायनाला दहा लाखांत एक आणि बेरजेला एक लाखात एक. माझ्या मते हीच पद्धत योग्य आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात ही उणीव आहे आणि ती विधिमंडळानेच भरून काढायला हवी. शरीर रसायनं सुटी सुटी मोजत नाही.

८. आमच्या मातीत आर्सेनिक १५ मिलिग्रॅम आलं. रिपोर्ट म्हणतो "मर्यादेत". पण इंटरनेटवर मर्यादा एकाच्याही खाली दिसते!

इंटरनेटवर दिसतो तो फक्त जोखमीच्या हिशोबाचा आकडा. दहा लाखांत एक धरलं तर मातीतलं आर्सेनिक किलोमागे एक मिलिग्रॅमच्याही खाली हवं. पण न्यू जर्सीच्या जमिनीत मुळातच त्याहून पुष्कळ जास्त आर्सेनिक असतं. निसर्गतः जेवढं आहे त्याच्या खाली सफाई करायला लावायचं नाही, असं कायदाच सांगतो. म्हणून इथला निकष १९ मिलिग्रॅम आहे, घरालाही तोच आणि कारखान्यालाही तोच. वॉशिंग्टन राज्यातही अशाच कारणाने २० आहे. शिवाय तिथे टॅकोमाजवळच्या तांब्याच्या भट्टीचा धूर जवळजवळ शतकभर पसरत राहिला आणि हजार चौरस मैलांहून मोठ्या प्रदेशावर आर्सेनिक व शिसं बसलं.

याचा अर्थ १५ मिलिग्रॅम निरुपद्रवी आहे असा नाही. २०२५च्या जानेवारीत ईपीएने आर्सेनिकची कॅन्सर करण्याची ताकद आधीपेक्षा बरीच जास्त धरली. भाज्या वाफ्यात बाहेरची माती भरून लावा, मूळभाज्या नीट धुवा, लहान मुलांचे हात जेवणाआधी धुवा.

९. आमच्या प्लॉटचा आकडा मर्यादेच्या दुप्पट आला. आम्ही आजारी पडणार का? रक्त तपासून घेऊ का?

मर्यादेच्या दुप्पट म्हणजे प्रश्न ५ मधली सगळी गृहीतकं तंतोतंत लागू पडली तर दहा लाखांत दोन. तुमच्या एका कुटुंबाला हा फरक कधी जाणवणार नाही. सफाई मात्र करावीच लागेल, कारण निकष पुढच्या खरेदीदारासाठी आणि त्यांच्या मुलांसाठीही असतो. कॅन्सरच्या अशा जोखमीसाठी रक्ततपासणी नसते. शिसं हा अपवाद. त्याची रक्ततपासणी होते आणि लहान मूल असेल तर ती जरूर करा. पण शिशाचा निकष कॅन्सरवर नाही, मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामावर बेतलेला आहे.

१०. जर्सी सिटीत नदीकाठी फ्लॅट घेतोय. कागदात "डीड नोटिस" आणि "हिस्टॉरिक फिल" लिहिलंय. व्यवहार सोडू का?

लगेच सोडू नका, आधी वाचा. हडसनकाठची कितीतरी जमीन भराव टाकून केलेली आहे: राख, बांधकामाचा राडारोडा, नदीतून उपसलेला गाळ. यालाच हिस्टॉरिक फिल म्हणतात. त्यात कोळशाच्या राखेतली रसायनं आणि शिसं हमखास सापडतं. मैलोन्‌मैल पसरलेला भराव उपसून काढणं शक्य नसतं. म्हणून कायद्याने तो झाकून ठेवण्याला मान्यता दिली आहे: वर स्वच्छ माती, फरसबंदी किंवा इमारत, आणि मालमत्तेच्या कागदाला जोडलेली नोंद, म्हणजे डीड नोटिस. दहा लाखांत एक हा निकष इथेही पाळला जातो, पण विष काढून नव्हे, त्याच्याशी संपर्क तोडून. म्हणून झाकण शाबूत राहणं हीच खरी सफाई. दर दोन वर्षांनी ते तपासून डीईपीला दाखला द्यावा लागतो. तो शेवटचा दाखला मागून घ्या. अनेक इमारतींत ही जबाबदारी आणि खर्च काँडो असोसिएशनवर असतो, तेव्हा असोसिएशनच्या फंडात त्यासाठी तरतूद आहे का तेही विचारा. पॅटिओ उकरून झाड लावायचा बेत असेल तर आधी नोटिस वाचा.

एक भराव मात्र या सवलतीत बसत नाही, तो क्रोमेटचा. हडसन काउंटीतल्या तीन कारखान्यांनी वीस लाख टनांहून जास्त क्रोमेटचा कचरा टाकला आणि तो भराव म्हणून सगळीकडे वापरला गेला. त्यातला षट्संयुजी क्रोमियम श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर करतो. हिस्टॉरिक फिलच्या कायदेशीर व्याख्येतून हा कचरा नाव घेऊन वगळलेला आहे. कागदात "क्रोमेट" शब्द दिसला तर स्वतंत्र तज्ज्ञाचा सल्ला घ्या.

११. घराशेजारी जुना ड्राय क्लीनर होता. आमच्या मातीत काहीच नाही, तरी बेसमेंटमध्ये हवा तपासायला का सांगतात?

ड्राय क्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं पीसीई हे रसायन भूजलात उतरतं, पाण्याबरोबर सरकतं आणि वाफ होऊन फरशीच्या फटींतून घरात येतं. तुमच्या जमिनीवर कुणी थेंब सांडलेला नसतो तरीही. न्यू जर्सीत अशा दूषित भूजलापासून शंभर फुटांत इमारत असेल तर जबाबदार पक्षाला वाफेची तपासणी करावी लागते. पेट्रोलसारख्या पदार्थांसाठी हे अंतर तीस फूट आहे, कारण जमिनीतले जिवाणू ते लवकर खाऊन टाकतात. तपासणीला परवानगी द्या. खर्च तुमचा नसतो, आणि दोष सापडला तर रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी बसवतात तसाच पाइप आणि पंखा बसवून वाफ बाहेर काढतात.

१२. रेडॉनलाही हाच दहा लाखांत एकचा निकष आहे का?

नाही, आणि हा फरक बघून लोक थक्क होतात. रेडॉन जमिनीतून आपोआप येतो. कुणी सांडलेला नाही, म्हणून सफाईचा कायदा त्याला लागत नाही. ईपीए हवेत लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) झाल्यावर उपाय करा म्हणते. त्या पातळीवर आयुष्यभर राहिलं, तर कधीही सिगारेट न ओढलेल्या हजार माणसांत साधारण सात जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, असा ईपीएचाच अंदाज आहे. दहा लाखांच्या हिशोबात सात हजार. शेजारच्या कारखान्याच्या मातीवरून झोप उडालेल्या घरात रेडॉनची चाचणीच झालेली नाही, असं वारंवार दिसतं. आजच चाचणी मागवा.

१३. अंगणात पुरलेली जुनी हीटिंग ऑइलची टाकी आहे. तीही याच कायद्यात येते का?

येते, पण इथे कॅन्सरचा प्रश्न मागे पडतो. हीटिंग ऑइलमध्ये बेंझिन कमी असतं. निर्णय बहुधा एकूण पेट्रोलियमच्या प्रमाणावर होतो. क्लोझिंगआधी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याआधी, 'टँक स्वीप' (जमिनीखाली टाकी आहे का याचा यंत्राने शोध) करून घ्याच. टाकी निघाली तर ती विकणाऱ्याने काढावी आणि डीईपीचा, आणखी काही करायची गरज नाही असं सांगणारा 'नो फर्दर अ‍ॅक्शन' कागद द्यावा असं करारात लिहून घ्या. एकदा घर तुमचं झालं की गळतीही तुमची.

१४. पाळणाघर किंवा शाळा असेल तर निकष जास्त कडक असतो का?

जोखमीचा आकडा तोच. कडकपणा प्रक्रियेत आहे, आणि तो एका भयंकर प्रकरणामुळे आला. ग्लॉस्टर काउंटीतल्या फ्रँकलिन टाउनशिपमध्ये 'किडी कॉलेज' नावाचं पाळणाघर थर्मामीटरच्या जुन्या कारखान्यात चालत होतं. हवेत पारा होता. २००६च्या जुलैत ते बंद झालं. पारा कॅन्सरच्या यादीतला नाही, पण जिथे कारखाना होता तिथे कुणी न विचारता बाळांना ठेवलं, यावर राज्य हादरलं. २००७च्या जानेवारीत कायदा झाला: अशा जुन्या जागेत पाळणाघर किंवा शाळा उघडायची तर आधी जागा तपासून पर्यावरणाचा दाखला घ्यावा लागतो. मुलाला घालण्याआधी पाळणाघराकडे हा दाखला मागा. तो मागताना संकोच करू नका.

१५. आमच्या टाउनशिपमध्ये कॅन्सरचे रुग्ण फार वाढलेत. म्हणजे दहा लाखांत एकची मर्यादा मोडली असणार ना?

रुग्ण मोजून ही मर्यादा तपासता येत नाही. प्रश्न १ मधला हिशोब आठवा: चार लाखांत एकाची भर, ती कुठल्याही नोंदवहीत दिसणार नाही. ज्या जागी रुग्णसंख्येत फरक दिसतो, तिथे संपर्क निकषाच्या कितीतरी पट असू शकतो, किंवा तो योगायोग असतो, आणि या दोहोंत निवड करणं अतिशय कठीण जातं.

टॉम्स रिव्हर हे या राज्यातलं सगळ्यांत दुखरं उदाहरण. तिथे एका बाजूला सिबा-गायगीचा रंगांचा कारखाना होता. दुसऱ्या बाजूला 'राइश फार्म' नावाच्या शेतावर १९७१ मध्ये एका वाहतूकदाराने युनियन कार्बाइडच्या रासायनिक कचऱ्याची पिंपं टाकली. होय, भोपाळवालीच युनियन कार्बाइड. त्या जागेचं दूषित पाणी शहराच्या विहिरींपर्यंत पोचलं. मुलांमध्ये कॅन्सर जास्त आहेत हे आईवडिलांनी आणि एका परिचारिकेने लावून धरलं. राज्याच्या अभ्यासात, गरोदरपणी आईच्या पोटात झालेला संपर्क आणि मुलींमधला रक्ताचा कॅन्सर यांत संबंध दिसला. २००१ मध्ये कंपन्यांनी ६९ कुटुंबांशी तडजोड केली, दोष मान्य न करता. इतके रुग्ण, इतकी वर्षं, इतका पैसा लागूनही शास्त्रज्ञांना "संबंध दिसतो" एवढंच म्हणता आलं. म्हणून कायद्याने आजारी माणसं मोजण्याची वाट न पाहता आधीच माती-पाण्यातला आकडा ठरवून ठेवायचा असतो.

काळजी वाटत असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याला लेखी कळवा. कॅन्सरची नोंद राज्याकडे असते आणि ते तुमच्या भागाचा तपास करू शकतात.

१६. विधिमंडळाने ठरवलं तर हा निकष सैल होऊ शकतो का?

होऊ शकतो. मिशिगनमध्ये झाला. तिथे १९९० पासून दहा लाखांत एक होतं. १९९५च्या दुरुस्तीने ते एक लाखात एक केलं, आणि सोबत जबाबदारीचा नियमही बदलला. आधी जागेचा मालक म्हणून सफाई अंगावर येत असे. नंतर प्रदूषण तुमच्यामुळे झालं हे दाखवावं लागू लागलं. जुन्या कारखान्यांच्या जागा ओस पडल्या होत्या, कुणी त्या विकत घेईना, हा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. पण दहा पट जादा जोखीम उचलायची ती कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांनी, आणि ते बहुतेक गरीब असतात. म्हणून असं विधेयक येतं तेव्हा फक्त आकडा पाहू नका. जोखीम एका रसायनाची की बेरजेची (प्रश्न ७), मूल धरलंय का (प्रश्न ५), आणि पैसे कोण भरणार, हे तीन प्रश्न आपल्या प्रतिनिधीला विचारा.

१७. सफाई पूर्ण झाली, दाखला मिळाला, आणि नंतर निकष बदलला तर पुन्हा सफाई करावी लागते का?

न्यू जर्सीत नवा निकष जुन्यापेक्षा दहा पट किंवा त्याहून जास्त कडक झाला तरच संपलेलं प्रकरण पुन्हा उघडता येतं. त्याहून लहान बदलाने नाही. आणि बदल नेहमी कडकच होतो असंही नाही. कोळशाच्या राखेतलं आणि धुरातलं बेंझोपायरीन घ्या. २०१७ मध्ये ईपीएने त्याची ताकद पुन्हा मोजली आणि स्लोप फॅक्टर ७.३ वरून १ वर आला. राज्याचा घरगुती निकष आधी ०.२ मिलिग्रॅम होता, तो त्यानंतर सैल झाला आणि २०२१च्या नियमांत ०.५१ आहे. त्यामुळे हिस्टॉरिक फिलच्या काही जागांचा ताण कमी झाला.

२००९च्या सुधारणा कायद्यापासून बहुतेक दाखले डीईपी नाही, परवानाधारक खासगी तज्ज्ञ देतात, ज्यांना एलएसआरपी म्हणतात. जबाबदार पक्ष त्यांना पैसे देतो, पण कायद्याने त्यांची पहिली बांधिलकी लोकांच्या आरोग्याशी आहे. दाखला दिल्यावर तीन वर्षांपर्यंत डीईपी तो तपासू शकतं. जागेचे सगळे कागद डीईपीच्या 'डेटामायनर'वर आणि नकाशे 'जिओवेब'वर कुणालाही मोफत पाहता येतात.

१८. राज्याचा कडक कायदा केंद्र सरकारच्या जागेला लागू होतो का?

इथे कॅलिफोर्नियाचा धडा आहे. लॉस एंजेलिसजवळच्या सांता सुझाना प्रयोगशाळेत रॉकेट इंजिनांच्या चाचण्या होत, आणि १९५९ मध्ये तिथल्या अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. २००७ मध्ये राज्याने फक्त या एका जागेसाठी कायदा केला: इथे कुणी घर बांधून राहील किंवा शेती करील असं धरून सफाई करा. बोइंगने दावा लावला. २०११ मध्ये जिल्हा कोर्टाने आणि २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला, कारण राज्य केंद्राच्या अणु-सफाईच्या कामावर थेट हुकूम चालवत होतं आणि एकाच जागेला वेगळी वागणूक देत होतं. सर्वांना सारखा लागू असलेला कायदा प्रश्न ४ मधल्या मार्गाने पुढे जाऊ शकतो. एकाला वेगळं काढणारा अडकतो.

१९. भारतात असा कायदा आहे का? आमचं गावाकडचं घर एमआयडीसीला लागून आहे.

२०२५च्या जुलैत केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम पहिल्यांदा जारी केले, १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायच्या, मंडळाने तपासायच्या, आणि ज्याने प्रदूषण केलं त्याने सफाईचा खर्च द्यायचा, अशी रचना आहे. किरणोत्सारी कचरा आणि खाणी त्यात येत नाहीत. १९८६च्या मूळ कायद्यात न्यू जर्सीसारखा जोखमीचा आकडा नाही. आकडे नियमांमधून आणि मार्गदर्शक सूचनांमधून येतात, आणि ते सरकार सभागृहात न जाता बदलू शकतं.

भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला हलवला आणि जूनअखेरपर्यंत तिथे जाळला गेला. तो गोदामात गोळा करून ठेवलेला कचरा होता. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासच्या वस्त्यांखालचं भूजल यांची सफाई अजून व्हायची आहे.

तुमच्या गावच्या घरासाठी आज करता येईल ते असं: विहिरीचं किंवा बोअरवेलचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. त्यात जड धातू आणि बाष्पशील सेंद्रिय रसायनं मागून घ्या, नाहीतर फक्त क्षार आणि जंतू तपासून देतात. संशय आला तर रिपोर्ट जोडून ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.